चौदा-इन-वन आणि आमची भिंत

तर मंडळी, गेले तीन वीकांत मी नगरला होतो. (सरकारी कागदांवर २०२४ पासून अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं. रागावू नका.) सावेडीतलं आमचं घर १९८७ सालचं. दिवाळीला बहीण येणार, तिची दोन वर्षांची लेक येणार, म्हणून बाबांनी रंगकाम काढलं. मी मोठ्या तोंडाने म्हणालो, "हॉल आणि दरवाजे मी करतो, बाकी मामांना द्या." मामा म्हणजे आमचे जुने रंगारी.

आता संगणकवाला माणूस काम सुरू करायच्या आधी काय करतो? हत्यार विकत घेतो!

हापिसातला एक मित्र बरीच वर्षं अमेरिकेत राहून आलेला. तो म्हणाला, फाइव्ह-इन-वन घे, तिकडे प्रत्येक रंगाऱ्याच्या मागच्या खिशात असतं. मग मी जालावर बसलो. पाच होतं, त्याच्या शेजारी सहा होतं, मग दहा, आणि शेवटी चौदा. चौदा कामं, एक हत्यार! मेगापिक्सेल मोजून कॅमेरे घेतलेली आपली पिढी. आकडा मोठा दिसला की बटण दाबलंच.

ते आलं. जाड पातं, एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला अर्धगोल खाच, पात्यात नटबोल्टसाठी भोकं, बाटली उघडायची सोय, आणि पोकळ प्लॅस्टिकच्या मुठीत स्क्रू-ड्रायव्हरचे बिट. हलवलं की खुळखुळ्यासारखं वाजायचं. मामांनी हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "दादा, ह्यातलं नेमकं कोणतं काम करायचंय आपल्याला?"

ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आणि माझा राग इथेच आहे. आपण हत्यार निवडताना वेष्टनावरची कामं मोजतो. भिंतीवरची मोजत नाही.

मुळात हे हत्यार ज्या भिंतीसाठी रूढ झालं ती भिंत बघा. अमेरिकेतलं साधं घर म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर जिप्समचे बोर्ड. अशा बोर्डाच्या पूर्वजाचं पेटंट सॅकेट नावाच्या माणसाने १८९४ साली घेतलं. बोर्ड खिळ्यांनी किंवा स्क्रूने ठोकलेला, सांध्यांवर कागदी पट्टी, वर मसाला. तिथे खिळ्याचं डोकं वर येतं, म्हणून मुठीच्या बुडाला लोखंड, तो आत ठोकायला. स्क्रू सैल होतो, म्हणून बिट. तिथे ते हत्यार शहाणं आहे. आपल्याकडे असा बोर्ड दिसतो तो फॉल्स सीलिंगला आणि हिंजवडीतल्या हापिसांच्या पार्टिशनला. सावेडीतली भिंत म्हणजे वीट, सिमेंटचा गिलावा, त्यावर चुन्याचे हात, त्यावर डिस्टेंपरचे हात, आणि खाली वीतभर उंचीपर्यंत लोणा. त्या गिलाव्यात स्क्रू-ड्रायव्हरने काय करणार? आरती?

आपल्या भिंतीवर हाताच्या हत्याराची कामं खरं तर चारच. सुटलेले पोपडे खरवडायचे. भेग उकरून रुंद करायची. (हे फार महत्त्वाचं. केसाएवढ्या भेगेवर वरून पुट्टी फासली तर ती आत जातच नाही, पुन्हा भेग उमटते. आधी टोकाने व्ही आकारात उकरायची, धूळ झाडायची, ओलं करायचं, मग भरायची.) पुट्टी ओढायची. आणि डबे उघडणं, रोलर निपटणं वगैरे किरकोळ.

गोम अशी, की पहिली दोन कामं आणि तिसरं काम ह्यांचं एकमेकांशी वैर आहे. खरवडायला पातं ताठ हवं, दाबलं तरी वाकता कामा नये. पुट्टीला पातं पातळ आणि लवचिक हवं, म्हणजे हाताच्या दाबाने ते किंचित वाकतं आणि पुट्टीचा थर सारखा बसतो. एकाच लोखंडात दोन्ही येणार नाही, वेष्टनावर कितीही लिहा. माझ्या चौदा-इन-वनने ओढलेली पुट्टी बघून आई म्हणाली, "नांगरलंयस का रे?"

मामांच्या पिशवीत काय होतं? एक तीन इंची ताठ स्क्रॅपर, झिजून अडीच इंच उरलेला. एक सहा इंची पातळ पत्रा. कोपऱ्यांसाठी छोटा पत्रा. आणि कानस. दर अर्ध्या तासाने कानशीवर दोन हात, की धार परत ताजी. माझ्या शूर हत्याराची धार पहिल्याच दुपारी गेली. दुसऱ्या दिवशी पोपडा निघेना म्हणून मागून हातोडी मारली, तर मूठ तडकली आणि बिट सांडले. पोकळ मूठ, दुसरं काय होणार?

म्हणजे फाइव्ह-इन-वन घेऊच नका का? तसं नाही. मी दुसऱ्या वीकांताला पुण्यातून साधं पाचवालं घेतलंच. पण दुकानात उभं राहून, हातात धरून. पातं मुठीतून आरपार बुडापर्यंत गेलंय ना, हे पाहिलं. ताठ आहे ना, टोक अणकुचीदार आहे ना, पाहिलं. भेगा उकरायला त्याच्यासारखं काही नाही, आणि रोलर निपटायला ती खाच झकास. सोबत साधा सहा इंची पत्रा घेतला. दोन्ही मिळून चौदावाल्यापेक्षा स्वस्त पडले. बस. हॉलला तेवढंच पुरलं.

"एवढं काय त्यात, सरळ घासायचं मशीन लाव" असं सांगणारे पण भेटले. त्यांच्यावर खरा राग आहे, कारण आता प्रश्न दरवाज्यांचा आहे. जुन्या घरातल्या दारंखिडक्यांचा ऑइल पेंट म्हणजे बहुतेक शिशाची शक्यता. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको हा नियम २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. अमेरिकेत घरगुती वापरासाठी असे रंग १९७८ मध्येच बंद झाले होते. आमच्या दारांवर त्याआधीचे किती थर आहेत देव जाणे. ते कोरडे घासले, मशीनने उडवले किंवा ब्लोलॅम्पने जाळले, तर धूळ आणि धूर घरभर. आणि रांगणारं पोर फरशीवर हात फिरवून तोंडात घालणार. मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ह्यावर वेष्टनावरचं पंधरावं काम उपयोगी नाही. पाण्याचा फवारा, ताठ स्क्रॅपर, खाली प्लॅस्टिक, तोंडाला रुमाल नाही तर एन-९५ मास्क, आणि शेवटी ओल्या फडक्याने पुसणं, झाडू नाही. वेळ लागतो. आणि ठेका देताना आपण घासाघीस करून नेमका हाच वेळ कापतो. "दोन दिवसांत उरका" म्हणतो, आणि मग रंगाऱ्याला नावं ठेवतो.

तर दरवाजे अजून बाकी आहेत. जिथे रंग घट्ट आहे तिथे खरवडायचाच नाही, वॉटर पेपरने ओलं घासून वरून हात मारायचा, असं मामांशी ठरलंय. सुटलेला तेवढाच काढू. बहिणीला फोन करून चार दिवस उशिरा यायला सांगितलंय. ती चिडलीये. तडकलेलं चौदा-इन-वन बाबांनी ठेवून घेतलंय, बिट चांगले आहेत म्हणाले.