सशाचं घमेलं

माझ्या भाचीकडे हिंगणघाटला एक ससा आहे. पांढराशुभ्र, म्हणून पोरांनी नाव ठेवलं कापशा. दिवाळीत आणला तेव्हा घरभर कौतुक होतं, होळी येईपर्यंत घरभर तक्रार सुरू झाली. "मावशी, लेंड्या वेचून कंबर मोडली गं. सोफ्यावर मूत, कॉटखाली मूत. हे म्हणतात, शेतात सोडून देऊ, गवत आहे, मजेत राहील."

सोफ्याचं मी समजू शकते. पण हे शेवटचं वाक्य काही केल्या पचेना, म्हणून आज लिहायला बसले.

मंडळी, तो शेतात मजेत राहणार नाही. आपल्या शिवारात तुरीतून पळणारा ससा वेगळा आणि हा वेगळा. रानातल्या सशाची पिल्लं अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात, उघड्यावर जगायला तयार. पाळीव ससा हा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. त्याची पिल्लं आंधळी, उघडीनागडी असतात. त्यातून रंग असा की कुत्र्याला अंधारातही दिसावा. त्याला घाम येत नाही, तिशीच्या वर पारा गेला की त्रास सुरू होतो, आणि आपला मे महिना तर पंचेचाळीशी गाठतो. तेव्हा 'सोडून देणं' हा मारण्यालाच दिलेला सोज्वळ शब्द आहे.

आता त्या लेंड्यांकडे वळू. ससा हा घाणेरडा प्राणी नाही. बिळात राहणारी ही जात ठरावीक जागीच घाण करते. घरातही तो बहुधा एखादा कोपरा धरतो. याच सवयीच्या आधारावर अमेरिकेत मॅरिनेल हॅरिमन यांनी घरात मोकळा ससा पाळण्याविषयी १९८५ साली पुस्तक लिहिलं आणि १९८८ साली कॅलिफोर्नियात 'हाऊस रॅबिट सोसायटी' उभी राहिली. म्हणजे हे जमतं, आणि मारझोड न करता जमतं.

मग कापशाचं का बिनसलं? भाचीला चार प्रश्न विचारले तर उत्तर आपोआप बाहेर आलं. वय सहा महिने. म्हणजे नेमका वयात आलेला. चार ते सहा महिन्यांच्या सुमारास ससे मूत उडवून, लेंड्या टाकून 'ही जागा माझी' असं जाहीर करतात. त्यावर खरा उपाय नसबंदीचा. मादीच्या बाबतीत तर गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोकाही त्यानं टळतो. मात्र सशाला भूल देण्याचा अनुभव आहे का, हे डॉक्टरांना आधी स्पष्ट विचारावं. आणि ऑपरेशनआधी त्याला उपाशी ठेवायचं नसतं. सशाला उलटी होत नाही, उलट पोट रिकामं राहिलं तर आतडी थंडावतात.

दुसरं, त्याचं घमेलं ठेवलं होतं मागच्या व्हरांड्यात आणि गवत दिवाणखान्यात! ससा खाता खाताच लेंड्या टाकतो. म्हणून गवत घमेल्याच्या काठाशीच हवं, आणि घमेलं त्यानं निवडलेल्या कोपऱ्यात. तळाला फाडलेलं वर्तमानपत्र, वर सुकं गवत. कुटार नको, त्याची धूळ नाकात जाते. मांजराची गोळे होणारी वाळूही नको, पोटात गेली तर आतडी तुंबतात. दोन-चार लेंड्या आतच राहू द्याव्या, वासानं जागा ओळखता येते. बाहेरचं मूत पाणी घातलेल्या व्हिनेगरनं पुसावं. सुरुवातीला एकच खोली द्यावी, सवय लागली की दुसरी उघडावी. आणि आधी नीट जाणारा ससा अचानक बाहेर मुतू लागला, तर त्याला आगाऊ म्हणण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. मूत्रमार्गाचा त्रास असू शकतो, म्हाताऱ्या सशाचे सांधेही दुखतात.

काही लोक सशाचं नाक मुतात घासतात. त्यातून त्याला एवढंच कळतं, की या माणसापासून लांब राहावं.

शाळेत इतकी वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. आपण ज्याला शिस्तीचा प्रश्न म्हणतो, तो पुष्कळदा सोयीचा प्रश्न असतो. पहिलीतलं पोर वर्गात ओलं होतं, कारण मुतारी लांब असते आणि बाईंना विचारायची भीती वाटते. गावोगावी पहाटे 'गुड मॉर्निंग पथकं' फिरायची, ते आठवतं ना? टमरेल घेऊन जाणाऱ्याला लाजवायचं. पण ज्या संडासात पाणीच नाही, तिथे माणूस गोवऱ्या नाही ठेवणार तर काय करणार?

आपल्याच जिल्ह्यात याचा मोठा धडा पडलेला आहे. १९४६ साली विनोबा पवनारहून खांद्यावर फावडं टाकून सुरगावला पायी जायचे आणि गावातला मैला मातीआड करायचे. मला त्यातून कळलं ते असं, की हातात आधी फावडं हवं, उपदेश नंतर. घाणीचा राग करून घाण जात नाही. तिला जागा द्यावी लागते, आणि जागा दिली की तिचंच सोनखत होतं.

सशाच्या लेंड्या तर त्याहून गुणी. कोरड्या, वासही फारसा नाही, थेट कुंडीत टाकल्या तरी झाड जळत नाही. शेळीचं लेंडीखत विकत आणायचं आणि घरच्या लेंड्यांवर कपाळाला आठ्या घालायच्या, हे मला तरी कळत नाही.

तेव्हा सशाची जोडी पाहून मुलांनी हट्ट धरला, तर आधी मोठ्यांनी हिशेब करावा. ससा आठ-दहा वर्षं जगतो. नर-मादीची जोडी महिनाभरात घर भरून टाकते. रोज घमेलं कोण काढणार, उन्हाळ्यात कूलरसमोरची जागा त्याला कोण देणार, ऑपरेशनचा खर्च कोण करणार? या प्रश्नांना नावानिशी उत्तर मिळालं तरच खुशाल आणा. नाही मिळालं, तर मुलांना रानातला ससा लांबून दाखवा. तोही काही कमी सुंदर नसतो.

असो. तुमच्याकडे कुणी ससा पाळला असेल, तर अनुभव जरूर कळवा.