शुगर वाढतेय? गोडाला दोष देण्याआधी थायरॉइड तपासा!

पथ्य पाळूनही शुगर वाढली की घरच्यांना पहिला संशय येतो तो चोरून खाल्लेल्या गोडाचा. पण खरे कारण गळ्यातली थायरॉइड ग्रंथीही असू शकते. ती अतिसक्रिय झाली की यकृत रक्तात जास्त साखर सोडते, आतडी ती वेगाने शोषतात आणि इन्सुलिन शरीरातून लवकर नाहीसे होते. म्हणूनच भूक वाढूनही वजन घटणे, धडधड, हात थरथरणे, खूप घाम अशी लक्षणे असतील तर नुसता डोस वाढवून भागत नाही. डॉक्टरांना टीएसएच तपासणीबद्दल विचारायलाच हवे. थायरॉइड आटोक्यात आला की इन्सुलिनची गरज कमी होते. जुनाच डोस सुरू राहिला तर शुगर धोकादायकरीत्या उतरू शकते. मात्र डोस स्वतःच्या मनाने बदलू नये. रुग्णाला बोल लावण्यापेक्षा एक रक्ततपासणी केव्हाही बरी.