कामाच्या वाटेवरचे अंतर

घरापासून चालत कामावर जाणे मुंबईत एकेकाळी नवलाचे नव्हते. परळ, लालबाग, भायखळ्याच्या गिरणगावात गिरणी आणि चाळ शेजारी उभ्या होत्या. पाळीचा भोंगा घरात ऐकू येई. त्या खोल्यांतली दाटी हालाचीच होती, पण रोजीरोटीसाठी लोकलचे धक्के खावे लागत नव्हते. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि लोअर परळला काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. तिथले कारकून आता डोंबिवली-विरारहून येतात. सोडतीत घर लागलेल्या काही गिरणी कामगारांना ते मिळाले पनवेलजवळच्या कोन गावात.

दक्षिण टोकाला नोकऱ्या आणि उत्तरेला परवडणारी घरे, हा मुंबईचा मूळ पेच. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून त्यावर खाडीपलीकडच्या शहराचा तोडगा सुचवला. १९७० मध्ये त्यासाठी सिडको स्थापन झाली. वाशी, नेरूळ, बेलापूर अशा प्रत्येक उपनगरात घर, शाळा, बाजार आणि काम जवळजवळ असावे, अशी आखणी होती. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार वाशीला गेला, लोखंडाचा कळंबोलीला. मंत्रालय मात्र हलले नाही. उलट त्याच दशकात सरकारने नरिमन पॉइंटला समुद्र बुजवलेल्या जमिनीवर उंच कचेऱ्या होऊ दिल्या. लोकल तर वाशीला पोचली १९९२ मध्ये. नवी मुंबईचे सर्वांत मोठे नुकसान या गोष्टींनी केले. सरकारच जागचे हलत नसेल तर खासगी कंपन्या का हलतील? महापे-ऐरोलीला संगणक कंपन्या आल्या, त्या फार उशिरा.

दक्षिणेचा भार हलका करण्यासाठी १९७७ पासून एमएमआरडीएच्या हाती असलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलाने नोकऱ्या उत्तरेकडे आणल्या, हे त्याचे यश. परंतु तिथे काम करणाऱ्या सामान्य पगारदाराला तिथे घर परवडत नाही. कुर्ला आणि वांद्रे स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षांच्या रांगा त्यातूनच आल्या. २०२४ मध्ये मेट्रो संकुलापर्यंत आली. तिने प्रवासाचा वेळ वाचतो, घर आणि कामातले अंतर तेवढेच राहते.

म्हणून कचेऱ्यांसाठी वाढीव चटईक्षेत्र मंजूर करतानाच, त्याच परिसरात लहान, भाड्याची घरे बांधण्याची अट सरकारने घातली पाहिजे, आणि घरांआधी कचेरीला भोगवटा प्रमाणपत्र देता कामा नये.