औषधांची पिशवी कोणी बघितली आहे?

तुमच्या घरातल्या मधुमेहाच्या रुग्णाची सगळी औषधं एका टेबलावर मांडून, एकाच माणसाने कधी तपासली आहेत का? आठवून पाहा. इथल्या डॉक्टरला पुण्याहून आलेल्या गोळ्या ठाऊक नसतात. पुण्याच्या डॉक्टरला इथे काय नवीन सुरू झालं ते कळत नाही. मुलगा किंवा सून आठवड्याच्या डब्यात गोळ्या भरून ठेवतात, पण कोणती कशासाठी हे त्यांनाही सांगता येत नाही. म्हणजे बहुतेक घरांत उत्तर 'कोणीच नाही' असं येईल. आणि नेमकं हेच काम शिकलेल्या माणसाकडून आपण फक्त पिशवी आणि पावती घेऊन बाहेर पडतो.

तो माणूस म्हणजे फार्मासिस्ट. आपल्या भाषेत 'मेडिकलवाला'. या शब्दातच आपण त्याला किराणा दुकानाच्या रांगेत नेऊन बसवलं आहे. मला ही सवय धोक्याची वाटते, आणि परदेशातल्या मराठी माणसाला ती सगळ्यात जास्त भोवते.

मी कुवेतमध्ये, जाब्रियात राहते. कुवेत विद्यापीठाची वैद्यकीय आणि फार्मसीची महाविद्यालयं याच भागात आहेत, मुबारक अल-कबीर रुग्णालयही इथेच. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार कुवेतमधल्या प्रौढांत मधुमेहाचं प्रमाण २४.९ टक्के आहे, जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक. भारतात आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा आकडा ११.४ टक्के, म्हणजे दहा कोटींहून अधिक माणसं. आपण या दोन्ही देशांच्या मध्ये उभे आहोत आणि आपली औषधंही दोन्हीकडून येतात.

त्यात काय बिघडलं? तीन उदाहरणं देते.

पहिलं इन्शुलिनचं. भारतातल्या इन्शुलिनच्या बाटलीत अनेकदा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, आखातात १००. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. आईने गावाहून ४० ची बाटली आणली आणि तुम्ही इथून १०० ची सिरिंज घेतली, तर २० च्या रेघेपर्यंत ओढलेल्या औषधात प्रत्यक्षात ८ युनिट असतात. अदलाबदल उलटी झाली तर ५०. पहिल्या चुकीत साखर चढत राहते, दुसरीत माणूस बेशुद्ध पडू शकतो.

दुसरं नावांचं. तिकडची 'ग्लायकोमेट' आणि इथली 'ग्लुकोफाज' या दोन्ही मेटफॉर्मिनच्याच गोळ्या. खोके वेगळे, रंग वेगळे, म्हणून दोन्ही घेणारी माणसं असतात. 'डॉक्टरांनी दोन्ही लिहून दिल्यात' असं ती सांगतात, आणि ते खरंही असतं. फक्त ते दोन डॉक्टर वेगवेगळ्या देशांतले असतात.

तिसरं उपासाचं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न असो वा नसो, साखर उतरवत राहते. एकादशीला नुसत्या चहावर राहून ती घेतली तर दुपारी घाम फुटतो, हात थरथरतात, आणि आपण म्हणतो, 'उपासाने अशक्तपणा आलाय.'

या तिन्ही चुका काउंटरवर पाच मिनिटांत पकडता येतात. त्यासाठी निदान करावं लागत नाही. डोस बदलणं हे फार्मासिस्टचं कामही नव्हे. शंका आली की त्याने डॉक्टरकडे परत पाठवायचं. पण शंका यायला त्याने पिशवी पाहिलेली हवी.

'अहो, पण तो विकायला बसलाय, त्याचा सल्ला कसा घ्यायचा?' हा आक्षेप मला मान्य आहे. सल्ला फुकट आणि कमाई बाटलीवर, अशी व्यवस्था असली की बाटलीच पुढे सरकणार. यावर उपाय सल्ल्याचे पैसे वेगळे देण्याचा आहे. अमेरिकेतल्या ॲशव्हिल शहराने १९९० च्या दशकात हे केलं. मधुमेह असलेल्या कर्मचाऱ्यांशी नियमित बोलण्यासाठी फार्मासिस्टना त्यांच्या वेळेचे पैसे दिले. २००३ साली निष्कर्ष छापून आले: साखर आटोक्यात आली, औषधांवरचा खर्च वाढला, पण एकूण वैद्यकीय खर्च दर माणशी वर्षाला हजार डॉलरहून जास्त घटला. इंग्लंडमध्ये २०११ पासून, नवीन औषध सुरू झालेल्या टाइप २ मधुमेहाच्या रुग्णाशी बोलण्यासाठी फार्मासिस्टला सरकारी पैसे मिळतात.

आणि आपल्याकडे? भारतात २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. पण महाराष्ट्रात महेश झगडे अन्न व औषध आयुक्त असताना, दुकानात फार्मासिस्ट हजर हवा एवढाच जुना नियम पाळायला लावला, तर औषधविक्रेत्यांनी बंद पुकारले. भिंतीवर एकाचं प्रमाणपत्र आणि काउंटरवर दुसराच, हे आपण इतकी वर्षं चालवून घेतलं, कारण आपल्यालाही फक्त गोळ्याच हव्या होत्या. गिऱ्हाईक कधी काही विचारतच नसेल, तर मालक बोलणारा माणूस कशाला ठेवेल?

म्हणून सुरुवात आपण करायची. दर तीन महिन्यांनी, आणि आईबाबा गावाहून आले की पहिल्याच आठवड्यात, घरातली सगळी औषधं, इन्शुलिन, सिरिंज आणि ग्लुकोमीटर पिशवीत घालून फार्मासिस्टकडे न्या. गर्दी नसेल अशी वेळ निवडा. इन्शुलिन थंड डब्यात ठेवा आणि गाडीत विसरू नका. या देशात ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं आहे. मग विचारा: यातलं काही दुहेरी आहे का? उपासाच्या दिवशी काय करायचं? ही सिरिंज याच बाटलीची ना? फार्मासिस्टने टाळाटाळ केली तर दुकान बदला.

मराठी मंडळांनाही एक सांगणं आहे. हृदयरोगतज्ज्ञांची व्याख्यानं खूप झाली. आपल्यातच बी.फार्म. झालेली, इथल्या काउंटरवर दहा-बारा तास उभी राहणारी मुलं-मुली आहेत. गणपतीत त्यांना आपण मांडव सजवायला बोलावतो. या वर्षी त्यांना एक टेबल, दोन तास आणि रीतसर मानधन द्या, आणि सभासदांना सांगा, येताना औषधांची पिशवी घेऊन या.