सभागृहात कुणी मेलंच नाही

२८ जुलै २०२१. राज्यसभेत सरकारचं लेखी उत्तर आलं : हाताने मैला उपसण्यामुळे कुणी मेल्याची नोंद नाही. उत्तर राज्यमंत्री रामदास आठवले यांचं. ज्यांचं नाव पँथर म्हणून ऐकत आपण मोठे झालो, तेच.

त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच खात्याने लोकसभेला सांगितलं होतं, की डिसेंबर २०२०पर्यंतच्या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३४० माणसं मेली. मग पाच महिन्यांत ही ३४० मढी गेली कुठं?

दोस्तांनो, ती व्याख्येत बुडाली. २०१३च्या कायद्यात दोन खण आहेत. मैला हाताने उचलणं हा एक. गटारात, टाकीत माणूस उतरवणं, म्हंजे 'धोकादायक सफाई', हा दुसरा. आपली माणसं दुसऱ्या खणात मेली, म्हणून पहिल्या खणात शून्य. साला, खोटं बोलणाऱ्याला पकडता तरी येतं.

मंत्र्याचा राग आहेच. पण जास्त राग सभागृहाचा. त्या उत्तराने कुणाची खुर्ची हलली नाही. आणि खुर्ची हलवणं हेच तर संसदेचं मुख्य काम. ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं : अमेरिकी पद्धतीत सरकार जास्त स्थिर राहतं, आपल्या पद्धतीत ते जास्त जबाबदार राहतं. प्रश्न, ठराव, अविश्वास यांतून रोजच्या रोज जाब घेता येतो, मतदार पाच वर्षांनी घेतो तो वेगळा. कायद्याचे मसुदे काय, सेक्रेटरीलोकही लिहितात. जाब विचारायला मात्र निवडून आलेला माणूस लागतो.

आता रोजचा जाब बघा. पहिली लोकसभा पाच वर्षांत ६७७ दिवस बसली, सतरावी २७४ दिवस. २०२०च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच उडवला, कारण कोरोना. कायदे करायला मात्र कोरोना आडवा आला नाही. २२ आणि २३ सप्टेंबरला कामगारांच्या तीन संहिता दोन्ही सभागृहांतून गेल्या, विरोधकांचे बहुतेक बाक रिकामे. गोदी कामगाराच्या सुरक्षेचा १९८६चा कायदा त्यातल्याच एका संहितेत विरघळला. हॅचमध्ये उतरणाऱ्याच्या जिवाचा मामला, आणि समोर सवाल करायला कोण? २१ नोव्हेंबर २०२५ला त्या संहिता लागूही झाल्या.

पैशाचं तसंच. गोदीत एक पोतं उतरलं तरी टॅली क्लार्क रेघ मारतो. २३ मार्च २०२३ला लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटींचा खर्च चर्चेशिवाय मंजूर केला. या रीतीला ते 'गिलोटिन' म्हणतात. नाव त्यांनीच ठेवलंय, आपण नाही.

नाक्यावरची पोरं म्हणतात, संसद बिनकामाची. मला नाही पटत. २० मार्च २०१८ला सुप्रीम कोर्टाने ॲट्रॉसिटी कायद्याची धार बोथट केली. २ एप्रिलला देश बंद झाला, माणसं मेली, आणि ऑगस्टमध्ये दोन्ही सभागृहांनी १८-अ कलम घालून ती धार परत आणली. रस्त्याने रेटा दिला हे खरं, पण कलम रस्त्याला लिहिता येत नाही. यंत्र चालतं. कुणासाठी किती वेगानं, एवढाच सवाल. सवर्णांतल्या गरिबांच्या १० टक्क्यांसाठी घटना बदलायला ८ आणि ९ जानेवारी २०१९ असे दोन दिवस पुरले. मैल्याचा पहिला कायदा १९९३चा, दुसरा २०१३चा, मॅनहोल अजून उघडंच. गटारातल्या मरणाची भरपाई ३० लाख केली तीही २०२३ला कोर्टानं.

अनुसूचित जातींचे ८४ खासदार लोकसभेत बसतात. विचारलं की म्हणतात, व्हिप असतो हो. असेल. १९८५च्या पक्षांतरबंदीपासून मतदानाला दोरी आहे. पण प्रश्न विचारायला कसला व्हिप? लोकसभेत एका दिवशी तोंडी उत्तराचे २० आणि लेखी उत्तराचे २३० प्रश्न घेता येतात. तोंडी असेल तर मंत्र्याला उभं राहावं लागतं, उलट सवालही करता येतो.

तेव्हा खासदाराच्या दारात जाल तर हारबीर, निवेदनबिवेदन नको. कागदावर प्रश्नच लिहून द्या, तारांकित : दोन्ही खण मिळून माणसं किती मेली, राज्यवार सांगा. त्यांना खाली उतरवणारे ठेकेदार किती, आणि त्यातले तुरुंगात किती?