हिरव्या शेततळ्यास औषध देण्यापूर्वी

उन्हाळ्याच्या तोंडी शेततळ्याचे पाणी हिरवे होऊ लागले की शेतकऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो औषधाचा. कोणी मोरचूद आणतो, कोणी ब्लीचिंग पावडरीचे पोते रिकामे करतो. चार दिवसांत पाणी निवळले तर औषध चांगले, न निवळले तर मात्रा दुप्पट, असा सर्वसाधारण परिपाठ पडला आहे. जमिनीची तपासणी करून खत देण्याची रीत गावोगावी रुजू लागली असताना, पाण्याच्या बाबतीत मात्र अंदाजावर विसंबण्याची सवय कायम राहावी, हे योग्य नव्हे. पाणी आधी मोजावे व तपासावे आणि मगच त्यावर इलाज करावा, हा क्रम शेततळ्यालाही लागू आहे.

२०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाली. नाशिक, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांत द्राक्ष व डाळिंबाच्या अनेक बागा प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यांच्या आधारावर उन्हाळा काढतात. अशा ठिकाणी पाणी बिघडणे म्हणजे बाग धोक्यात येणे होय.

पाणी हिरवे का होते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. शेवाळ हे एक पीकच आहे. त्याला ऊन लागते, ऊब लागते आणि खत लागते. साठलेल्या पाण्यात पहिल्या दोन गोष्टी आयत्याच असतात. तिसरी शेतकरी नकळत पुरवितो. पावसाच्या लोंढ्याबरोबर शेतातील माती व खत तळ्यात उतरते, काठावर बांधलेल्या जनावरांचे शेण-मूत वाहून येते, पक्ष्यांची विष्ठा पडते आणि तळाशी साचलेला गाळ दरवर्षी त्यात भर घालतो. हा पुरवठा चालू असेपर्यंत औषधाने मारलेले शेवाळ काही आठवड्यांनी पुन्हा उगवणारच. शिवाय मेलेले शेवाळ कुजून त्याचे पुढील पिकाला खतच होते.

मोरचुदाने शेवाळ मरते, हे खरे आहे. बोर्डो मिश्रण करणाऱ्या द्राक्ष बागायतदाराला त्याचा गुण सांगावयास नको. परंतु बोर्डो मिश्रण करताना जो शेतकरी तराजू वापरतो, तोच तळ्यात मोरचूद ओंजळीने टाकतो. लांबी, रुंदी व खोली यांचा गुणाकार करूनही भागत नाही. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल अशा तळ्यात गुणाकाराने २७ लाख लिटर पाणी येते. पण बाजूंचा उतार एकास एक असेल तर तळ केवळ २४ मीटरचा राहतो आणि तळे काठोकाठ भरले तरी पाणी सुमारे २२ लाख लिटरच भरते. तेच तळे दीड मीटरपर्यंत उतरले की पाणी १० लाख लिटरांहूनही थोडे कमी उरते. हजार लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने भरल्या तळ्यास २ किलो २०० ग्रॅम मोरचूद लागेल, तर उतरलेल्या तळ्यास एक किलोही पुरेल. गुणाकारावर विसंबून २ किलो ७०० ग्रॅम टाकणाऱ्याने अशा वेळी जवळजवळ पावणेतीनपट मात्रा दिलेली असते.

अशा चुकीचे परिणाम दूरवर पोहोचतात. तांबे कुजत नाही. ते गाळात साचत राहते. सर्व जनावरांत मेंढ्यांना तांब्याची बाधा लवकर होते, आणि वाटेवरच्या तळ्यावर कळप पाण्याला आणणाऱ्या मेंढपाळाला आदल्या दिवशी त्यात काय पडले हे ठाऊक नसते. सर्व शेवाळ एकदम मेले तर ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो व पहाटे मासे मरून वर येतात. सर्वांत घातक प्रकार निळ्या-हिरव्या शेवाळाचा. त्याच्या काही जाती विषारी असतात, व औषधाने पेशी फुटल्यावर ते विष एकदम पाण्यात मिसळते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवराचे असे पाणी पिऊन मेंढ्या, घोडे व कुत्री मेल्याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ साली केली होती.

ब्लीचिंग पावडरीची गत वेगळी आहे. पोहण्याच्या तलावात क्लोरीन टिकते, कारण तेथील पाणी सतत गाळून फिरविले जाते, त्याचा सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राखला जातो व क्लोरीन रोज मोजले जाते. शेततळ्यात यांपैकी काहीच नसते. क्लोरीन उन्हाने उडून जाते, घाणीत खर्ची पडते. आणि सामू ८.५ वर गेला की त्याचा प्रभावी भाग जेमतेम एक दशांश उरतो. दाट शेवाळ दुपारच्या उन्हात सामू ९ च्याही वर नेते. तेव्हा तळ्यात पोते ओतणे म्हणजे पैसा पाण्यात घालणेच होय.

तपासणीला मोठी सामग्री लागत नाही. पत्र्याची वीस सेंटिमीटर व्यासाची चकती घेऊन तिचे चार भाग आळीपाळीने काळे व पांढरे रंगवावेत आणि खुणा केलेल्या दोरीने ती पाण्यात सोडावी. तीस सेंटिमीटरच्या आतच ती दिसेनाशी झाली तर शेवाळ फार दाटले आहे असे समजावे. सामू पट्टीने सकाळी व दुपारी, असा दोनदा पाहावा. पाण्यात काठी फिरवावी. हिरवे तंतू गुंडाळले गेले तर ते जाळीचे शेवाळ, रंग दिल्यासारखा लेप बसला तर निळ्या-हिरव्या शेवाळाचा संशय धरून जनावरे तत्काळ दूर ठेवावीत. प्रयोगशाळेसाठी स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून, काठापासून दूर व पृष्ठभागाच्या खालचे पाणी भरावे. सामू, क्षार, कार्बोनेट व बायकार्बोनेट यांची तपासणी मागावी. कार्बोनेट-बायकार्बोनेट कमी असलेल्या पाण्यात मोरचूद माशांना अधिक बाधते, म्हणून तो आकडा पाहिल्याशिवाय मात्रा ठरवू नये.

इलाजाचा क्रमही त्यावरून ठरतो. प्रथम लोंढा वळवावा, जनावरे काठावरून हलवावीत, तंतूंचे शेवाळ जाळीने ओढून बाहेर काढावे. तळे रिकामे होईल त्या वर्षी गाळ उपसावा. शेतात त्याचा उपयोगच होतो. शक्य तेथे शेडनेटची सावली करावी. ठिबकासाठी पाणी वाळूच्या गाळणीतूनच घ्यावे व ती वेळोवेळी उलट्या प्रवाहाने धुवावी. क्लोरीन द्यावयाचे ते तळ्यात न देता नळ्यांत द्यावे; मात्र आम्ल व क्लोरीन कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. एवढे करूनही मोरचूद लागलाच, तर पाणी मोजून, तज्ज्ञांच्या सल्ल्याने, एका वेळी तळ्याच्या तिसऱ्या भागापुरताच वापरावा.

काम कोणतेही असो, अस्तराच्या तळ्यात एकट्याने उतरू नये. ओले प्लॅस्टिक निसरडे असते व पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. काठाला कुंपण व पाण्यात सोडलेला गाठींचा दोर, यांशिवाय तळे पुरे झाले असे मानू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या बाबतीत पुढाकार घेतला पाहिजे. एक चकती, एक दोरी, सामूच्या पट्ट्या व एक नोंदवही एवढे साहित्य साऱ्या गावाला पुरेल. प्रत्येक तळ्याची पातळी, रंग व सामू दर पंधरवड्यास लिहून ठेवल्यास पुढील उन्हाळ्यात कोणाचे पाणी केव्हा बिघडणार, हे आधीच कळू लागेल. कष्टाने साठविलेल्या पाण्याची एवढी विचारपूस करणे कोणत्याही शेतकऱ्यास जड जाऊ नये.