दारावरची नोकरी आणि आमची मुले

सुरतेच्या रिंग रोडवरील कापड मार्केटमध्ये माल भरायला गेले की शेठ नंतर भेटतात, आधी भेटतो तो दारावरचा माणूस. पार्सल बाहेर निघताना चलन पाहणारा तोच. अलीकडे या दारांवर, मॉलमध्ये, मंगल कार्यालयांत आमच्या नवापूरकडची मुलेही उभी दिसतात. घरी मात्र बाप सांगताना अडखळतो. "मुलगा सुरतेला कंपनीत आहे," एवढेच बोलतो. आम्हाला हे पटत नाही. लाखोंचा माल ज्याच्या भरवशावर सोडून आम्ही रात्री झोपतो, त्याची रोजी हलकी कशी?

हलकी आहे ती या धंद्यात शिरण्याची रीत. कोणी ओळखीचा ठेकेदार म्हणतो, "कल से आ जाओ," आणि मुलगा दुसऱ्या दिवशी वर्दी चढवतो. वर्दीचे पैसे पहिल्या पगारातून कापले जातात, ड्युटी बारा तासांची असते आणि हातात एक चिठ्ठीही नसते. आमच्यासारखी उर्दू शाळेत शिकलेली मुले गुजराती किंवा इंग्रजी कागदावर न वाचताच सही करतात. पुढे पगार अडकला की कोणाकडे जावे, हेच त्यांना उमगत नाही.

वास्तविक या कामाला २००५ सालचा खासगी सुरक्षा एजन्सी कायदा आहे. रक्षकाचे वय १८ पूर्ण आणि ६५ च्या आत हवे, चारित्र्याची पडताळणी व्हावी आणि प्रशिक्षण झालेले असावे. केंद्राच्या नमुना नियमांत हे प्रशिक्षण १०० तास वर्गात व ६० तास प्रत्यक्ष कामावर, किमान २० दिवसांचे सांगितले आहे. फोटोचे ओळखपत्र देणे एजन्सीचे काम आहे. शिंप्याकडे मुलगा वर्षभर काजे-बटणे करतो तेव्हा कुठे कात्री हाती मिळते, हे आम्ही मान्य करतो. मग दारावर उभे राहायला वीस दिवस जास्त का वाटावेत?

नवापूरकरांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. आमच्या स्टेशनाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. फलाटावर चार पावले टाकली की राज्य बदलते. एजन्सीचा परवाना मात्र राज्यवार असतो. महाराष्ट्राचा परवाना दाखवून कोणी सुरतेच्या मॉलवर माणसे लावत असेल, तर गुजरातचा परवाना कुठे आहे, हे आधी विचारावे. भविष्य निर्वाह निधी कापतो म्हणाला तर खात्याचा नंबर मागावा व पैसे भरले जातात का, ते मोबाइलवर पाहावे. जादा तासांचा मोबदला दुप्पट दराने मिळाला पाहिजे.

वर्दी अंगावर आली म्हणून पोलिसाचे अधिकार येत नाहीत, हेही मुलांना कोणी सांगत नाही. नियम दाखवून माणसाला आत येऊ न देणे वेगळे आणि हात उचलणे वेगळे. हात उचलला की गुन्हा रक्षकावरच दाखल होतो, आणि ठेकेदार त्या दिवशी फोन उचलत नाही. समोर गंभीर गुन्हा घडला तर गुन्हेगाराला धरता येते, पण ताबडतोब पोलिसांच्या हवाली करावे लागते. नव्या कायद्यात त्याला सहा तासांची मर्यादा घातली आहे. बायकांची झडती बाईनेच घ्यावी. आमच्या लग्नांत जनान्याच्या दारावर बाई रक्षक शोधून मिळत नाही. शिकलेल्या मुलींना हे काम करू द्यायला हरकत घेणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणि दारावरच्या माणसाचे खरे काम लोकांना अडवणे नव्हेच. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात आग लागली आणि ५९ माणसे गेली. बाहेर पडण्याची वाट अडलेली होती. कापडवाल्यांना तर दूर जायला नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिंग रोडवरचे शिवशक्ती टेक्सटाइल मार्केट जळाले, ते आपल्याच धंद्याचे घर होते. अशा वेळी कोणते दार उघडते, किल्ली कोणाकडे आहे, हे ठाऊक असलेला माणूस हजारांना वाचवतो. कालच उभा केलेला पोऱ्या काय करणार? तो बिचारा आधी स्वतःच जिना शोधील.

आता थोडे आम्हा व्यापाऱ्यांविषयी. दोन एजन्सींचे भाव आले की आम्ही स्वस्त ती उचलतो. ताक्यामागे रुपया वाचवावा तसा वॉचमनमागे पैसा वाचवतो, आणि तो पैसा त्या पोराच्या प्रशिक्षणातून व पगारातून निघतो. निदान परवान्याची प्रत व माणसाचे ओळखपत्र पाहिल्याशिवाय बिल देऊ नये. लग्नसराईत कार्यालय ठरवताना आपण भाडे आणि पंगतीची जागा विचारतो. दारावर कोण उभा राहणार आणि मागच्या दाराला कुलूप असते का, हेही विचारावे.